बहरलेल्या सफरचंदावर एप्रिलचा बर्फ: आत्ता काय करावं?

रानजाई

सफरचंद ऐन फुलोऱ्यात आहे, चेरीच्या पाकळ्या गळायला लागल्यात आणि पहाटेपासून ओला, जड बर्फ पडतोय. कालपरवापर्यंत लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते. जाणकारांना तीन प्रश्न.

फुलांवरचा बर्फ झटकावा की राहू द्यावा? यंदाचं फळ गेलंच असं धरून चालायचं का? आणि बाहेर तापमापक दोन अंश दाखवतोय, म्हणजे शून्याच्या वर. मग हा बर्फ टिकतोय कसा?

एकाने कोमट पाण्याचा फवारा मारायला सांगितलंय. मला काही ते पटत नाहीये, म्हणून आधी इथे विचारते.

कुंपण

कोमट पाणी अजिबात नको. बर्फ वितळेल, पण ओली झालेली पाकळी बाष्पीभवनाने आणखी थंड पडेल आणि संध्याकाळी तेच पाणी तिच्यावर गोठेल. फुलांसाठी आत्ता काही करायची गरज नाही. तापमान शून्याच्या आसपास आहे तोवर नुसत्या बर्फाने फूल मरत नाही.

फांद्यांचं मात्र बघा. कडाक्याच्या थंडीत पडतो तो भुसभुशीत बर्फ घनमीटरला ५०-७० किलो भरतो. हा वसंतातला ओला बर्फ सहज २०० किलोपर्यंत जातो. म्हणजे १० सेंटिमीटर थर साचला की दर चौरस मीटरला २० किलोचं ओझं. हिवाळ्यात फांद्या उघड्या असतात, बराचसा बर्फ त्यांच्यामधून खाली पडून जातो. आता पालवी आणि फुलांनी भरलेली प्रत्येक डहाळी तो झेलून धरते. मे १९७७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये असाच उशिराचा बर्फ पडला तेव्हा नुकती पालवी फुटलेली झाडं मोडली आणि वीज गेली, ती याच कारणाने.

फांदी फार वाकली असेल तर झाडूचा दांडा खालून लावून तिला हळूच वर उचला, बर्फ आपोआप घसरतो. वरून झोडपू नका, आधीच ताणलेली फांदी तिथेच तुटते. डहाळीवर काचेसारखं पारदर्शक कवच चढलं असेल तर हातच लावू नका. ते आपसूक वितळू द्या.

निवांत

वाचतोय. माझ्याकडे ट्यूलिप जमिनीला टेकलेत, ते मेले का?

कुंपण

निवांत, नाही. दुपारी उभे राहतील. कंदवर्गीय फुलांना या दिवसांतली थंडी नवीन नसते. टोमॅटोची रोपं बाहेर काढली असतील तर मात्र राम म्हणा.

ढगपुराण

रानजाईताईंचा तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आपण जमिनीलगतचं तापमान बघतो, बर्फ तयार होतो दोन-तीन किलोमीटर वर. तिथे शून्याखालीच असतं. शून्याची पातळी ओलांडून कण खाली आला की वितळू लागतो, पण पूर्ण वितळायला त्याला साधारण दोन-तीनशे मीटर उतरावं लागतं. त्यामुळे जमिनीवर एक-दोन अंश असले तरी बर्फ बर्फ म्हणूनच पोचतो. हवा कोरडी असेल तर याहून जास्त तापमानातही, कारण कणाच्या पृष्ठभागावरून बाष्प उडत राहतं आणि तो स्वतःला थंड ठेवतो.

खरी गंमत पुढे आहे. बर्फ वितळायला उष्णता लागते, किलोला ३३४ किलोज्यूल. ती तो आजूबाजूच्या हवेतून घेतो. हिशोब केला तर १० मिलिमीटर पाण्याएवढा बर्फ वितळताना किलोमीटरभर जाडीची हवा जवळजवळ तीन अंशांनी थंड होते. म्हणजे पाच अंशांवर धो धो पाऊस सुरू झाला, वारा पडलेला असला आणि बाजूने उबदार हवा येत नसली, तर तो पाऊस स्वतःच खालची हवा थंड करत जातो आणि दोन-तीन तासांत त्याचा बर्फ होतो. वसंतातल्या बर्फाचे अंदाज चुकतात त्याचं एक मोठं कारण हेच. सरी किती जोराच्या येतील यावर सगळं अडतं, आणि नेमकं तेच आधी सांगणं अवघड.

टिकण्याबद्दल. २० एप्रिलला सूर्य दुपारी जितका वर असतो तितकाच २२ ऑगस्टला असतो. म्हणजे आत्ता ढगांमागे ऑगस्ट अखेरचा सूर्य आहे. ढगांतून झिरपणाऱ्या उजेडानेसुद्धा काळा डांबरी रस्ता गरम राहतो. म्हणून रस्ता नुसता ओला, आणि गवत-झाडं पांढरी.

पाचोळा

ढगपुराण, मस्त समजावलंत. पण सूर्य ऑगस्टचा आणि बर्फ जानेवारीचा, हे एकाच दिवशी कसं काय? सूर्य वर आला की थंडी संपायला नको का?

ढगपुराण

सूर्य पुढे गेला तरी थंडीचा साठा मागे राहतो. आर्क्टिकमधला सागरी बर्फ दर वर्षी मार्चमध्ये सर्वाधिक पसरलेला असतो, डिसेंबरात नाही. समुद्रही फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत गार. दक्षिणेला जमीन तापलेली, उत्तरेला गारठा तसाच. मधून वाहणारा उंचावरचा वेगवान वारा, म्हणजे जेट प्रवाह, या दिवसांत ढिला पडतो आणि मोठमोठी वळणं घेतो. एखाद्या वळणातून ध्रुवाकडची हवा थेट खाली घसरते. कधी थंड हवेचा तुकडा मूळ प्रवाहापासून तुटून एकाच जागी घिरट्या घालत बसतो. त्याच्या शेजारच्या प्रदेशात त्याच दिवशी लोक घामाघूम झालेले असतात.

खाली तापलेली जमीन, वर गारठलेली हवा, म्हणून हवा अस्थिर. पंधरा मिनिटं बर्फाची सर, मग लख्ख ऊन, मग पुन्हा सर, क्वचित गडगडाटही. डिसेंबरात असा खेळ फारसा दिसत नाही.

पाचोळा

अवांतर: या विषयावर क्रिकेट आलं नाही तर धागा अपुरा. २ जून १९७५, इंग्लंडमधलं बक्स्टन, डर्बीशायर विरुद्ध लँकेशायर. शनिवारी क्लाइव्ह लॉइडने नाबाद १६७ ठोकल्या, लँकेशायर ५ बाद ४७७. रविवारी सुट्टी. सोमवारी खेळाडू आले तर मैदानावर बर्फ! पंच होते डिकी बर्ड. त्या दिवशी खेळच झाला नाही. त्या काळी खेळपट्ट्या झाकत नसत, त्यामुळे मंगळवारी चेंडू वाट्टेल तसा उडत होता. डर्बीशायर ४२ आणि ८७ मध्ये गारद, डाव आणि ३४८ धावांनी पराभव.

आणि पुढच्याच शनिवारी, ७ जूनला, पहिला विश्वचषक सुरू झाला. गावसकरांच्या १७४ चेंडूंत नाबाद ३६ त्यातल्याच. स्पर्धेला हवा छान मिळाली होती, त्यामुळे गारठ्याचं निमित्तही देता येत नाही.

निवांत

हाहाहा. पण जूनमध्ये बर्फ म्हणजे कमालच.

उत्तरवारा

यात कमाल काय आहे तेच मला कळत नाही. वसंतात बर्फ पडला की लगेच ‘अवकाळी’, ‘विक्रमी’, ‘निसर्ग कोपला’. अमेरिकेत डेन्व्हरला वर्षातला सर्वांत जास्त बर्फ सरासरीने मार्चमध्ये पडतो. बोस्टनला ३१ मार्च आणि १ एप्रिल १९९७ या दोन दिवसांत ६४ सेंटिमीटर पडला होता. मध्य युरोपातले शेतकरी पिढ्यान् पिढ्या ११ ते १५ मे उलटल्याशिवाय नाजूक रोपं बाहेर लावत नाहीत, कारण तेव्हाही गारठा फिरून येतो हे त्यांना ठाऊक आहे. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर, तिथे मे महिन्यात बर्फ पडला तरी आपल्याकडे ब्रेकिंग न्यूज. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारे पाऊस-बर्फाचे पट्टे, एप्रिल-मेमध्ये येतातच, आणि त्या उंचीवर आले की बर्फच देणार.

खरोखर अवकाळी बघायचा तर १८१६. त्याच्या आदल्या एप्रिलात इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या गंधकी कणांनी सूर्यप्रकाश अडवला, आणि पुढच्या वर्षी ६ जूनला अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू इंग्लंडमध्ये बर्फ पडला. त्या उन्हाळ्यात तिकडची पिकं गेली, युरोपातही धान्याची टंचाई झाली. त्याला म्हणतात अवकाळी. आजचा बर्फ म्हणजे नेहमीचीच खोडी.

रानजाई

उत्तरवारा, नेहमीची असेल हो, पण झाड माझं आहे! :)

दुपारी बर्फ थांबला. दांड्याने फांद्या मोकळ्या केल्या, एक सोडून सगळ्या सरळ झाल्या. आता ढग फाटताहेत, वाराही पडलाय, खूप बरं वाटतंय. रात्रीचा अंदाज उणे तीन आहे, निरभ्र.

कुंपण

ताई, बरं वाटून घेऊ नका. बर्फ पडत होता तोवर झाड सुरक्षित होतं. धोका आज रात्री आहे.

ढग असले की जमिनीतून निघणारी उष्णता ते अडवतात आणि काही परत पाठवतात. ढग गेले की ती सरळ आकाशात. त्यात जमिनीवर बर्फ अंथरलेला. दिवसा त्याने ८०-९० टक्के ऊन परतवलं, म्हणजे माती तापलीच नाही. मातीत उरलेली ऊब तो वर येऊ देत नाही. आणि स्वतः मात्र रात्रभर उष्णता फेकत राहतो. त्यामुळे बर्फानंतरची निरभ्र, निवांत रात्र ही बागाईतदाराची सर्वांत वाईट रात्र.

आकडे सांगतो. सफरचंदाची कळी नुकती फुगून तिचं टोक रुपेरी दिसू लागतं तेव्हा ती उणे नऊपर्यंत जवळजवळ बिनघोर असते. जसजशी उमलते तसतशी नाजूक होत जाते. पूर्ण फुलोऱ्यात अर्धा तास उणे २.२ राहिलं तर साधारण दहा टक्के फुलं मरतात, उणे ३.९ ला नव्वद टक्के. म्हणजे दीड-पावणेदोन अंशांत सगळा खेळ. तुमचा उणे तीनचा अंदाज नेमका मधोमध बसतो.

शिवाय अंदाजातलं तापमान माणसाच्या छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवरचं, सावलीतल्या पेटीतलं असतं. गवतालगत ते आणखी काही अंश खाली जातं. भिंतीला टांगलेला तापमापक भिंतीची ऊब दाखवतो, त्याच्यावर विसंबू नका. झाडाच्या खालच्या फांदीला लटकवा.

रानजाई

बाप रे. मग आता काय? झाड माझ्यापेक्षा थोडंसंच उंच आहे.

कुंपण

मग सोपं आहे. जुन्या चादरी किंवा बागेचं पांढरं जाळीदार कापड घ्या आणि झाडावरून थेट जमिनीपर्यंत सोडा. खोडाला गुंडाळून बांधू नका. मातीतून येणारी ऊब आत साठावी हा हेतू आहे, त्यामुळे खालून उघडं नको. आत्ताच खोडाभोवतीचा बर्फ खोऱ्याने बाजूला करा, ओली काळी माती मोकळी राहू दे. प्लास्टिक फुलांना टेकता कामा नये, टेकेल तिथे फूल करपतं. काही नसेल तर प्लास्टिकपेक्षा चादर बरी. सकाळी शून्याच्या वर गेलं की लगेच काढा.

कापड टाकायचं काम अंधार पडायच्या आत करा. ऊब निघून गेल्यावर झाकून फारसं काही हाती लागत नाही.

निवांत

मोठ्या बागांमध्ये रात्रभर पाण्याचे फवारे सोडतात असं पाहिलंय. सकाळी सगळं झाड बर्फात! तुम्ही तर पाणी नको म्हणालात.

कुंपण

ते वेगळं. तिथे पाणी अखंड चालू असतं. पाणी गोठताना तीच ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर सोडतं, ढगपुराणांच्या हिशोबाची उलटी बाजू. गोठणारं पाणी सतत येत राहिलं की बर्फाच्या कवचातली कळी शून्याच्या जवळ टिकते, बाहेर उणे पाच का असेना. पण पहाटे तीनला पंप बंद पडला तर न केल्यापेक्षा वाईट, कारण मग बाष्पीभवन उरलीसुरली ऊब खेचून नेतं. सूर्य वर येऊन बर्फ सुटेपर्यंत पाणी तोडायचं नाही. घरच्या नळाच्या भरवशावर या फंदात पडू नये. वाऱ्यातही नाही.

मोठे पंखे लावतात त्याचं कारण आणखी वेगळं. अशा रात्री थंड हवा जड होऊन खाली बसते आणि दहा-पंधरा मीटर वर तीच हवा काही अंश उबदार असते. पंखा ती खाली ढकलतो. द्राक्षबागांत ओळींमधून मेणाच्या शेगड्या पेटवतात त्याही याच थराला ढवळतात. फोटो सुंदर येतात, त्या रात्री बागेत उभ्या असलेल्या माणसाला विचारा.

पाचोळा

आणि मधमाश्या? त्यांचं काय?

कुंपण

पोळ्यात एकमेकींना बिलगून बसल्या असतील. साधारण दहा-बारा अंशांच्या खाली मधमाशी सहसा बाहेर पडत नाही. भुंगे तिच्याहून काटक, ते गारव्यातही फिरतात. फूल वाचलं आणि परागीभवन करायला कोणी फिरकलंच नाही तरी फळ येत नाहीच, हे लोक विसरतात. पुढचे तीन-चार दिवस किती उबदार जातात त्यावर बरंच अवलंबून आहे.

रानजाई

सकाळचा वृत्तांत. खालच्या फांदीवरचा तापमापक पहाटे उणे साडेतीनला होता, चादरीच्या आत दीड अंश जास्त. पाकळ्या सगळ्या शाबूत, पांढऱ्या-गुलाबी. म्हणजे जिंकलो ना?

कुंपण

पाकळ्यांवर जाऊ नका. दुपारपर्यंत थांबा, मग एक फूल तोडून ब्लेडने देठापासून उभं चिरा. मध्यभागी, पाकळ्यांच्या बुडाशी, स्त्रीकेसर बघा. हिरवट-पिवळसर, ओलसर असेल तर जिवंत. तपकिरी किंवा काळा ठिपका असेल तर ते फूल मेलं, वरून कितीही टवटवीत दिसो. एकाच फांदीवरची तपासू नका. खालून, मधून, शेंड्यातून घ्या.

रानजाई

चिरून पाहिली. खालच्या, चादरीबाहेर राहिलेल्या फांदीची सगळी काळी. मधल्या भागात मिश्र. शेंड्याकडची बहुतेक हिरवी. एका गुच्छात गंमत दिसली: मधलं मोठं फूल काळं आणि कडेची अर्धवट उमललेली मात्र ठीक.

कुंपण

अगदी तसंच होतं. गुच्छातलं मधलं फूल आधी उमलतं म्हणून आधी मरतं, कडेची मागे असतात म्हणून वाचतात. मधल्याचं फळ मोठं होतं, तेवढा तोटा. पण भरघोस बहरलेल्या सफरचंदाच्या शंभरातल्या पाच-दहा फुलांना फळ धरलं तरी झाड भरतं. उरलेली एरवीही गळतातच, किंवा आपण विरळणीत काढतो. वाचलेल्या काही फळांच्या सालीवर खरबरीत तपकिरी वळं दिसेल, ती थंडीची खूण, आत फळ चांगलं असतं.

उत्तरवारा

बघा, मी म्हटलं नव्हतं? उगाच घाबरवतात लोक.

ढगपुराण

उत्तरवारा, बर्फ नेहमीचाच हे मान्य. पण झाडं नेहमीच्या तारखेला फुललेली नाहीत, हे तुम्ही सोडून देताय. हाच बर्फ झोपलेल्या कळ्यांवर पडला असता तर हा धागा निघालाच नसता.

२०१२ चं मिशिगन घ्या. मार्चमध्ये विक्रमी उष्मा, सफरचंदं कित्येक आठवडे आधी जागी झाली, आणि एप्रिलच्या रात्री नेहमीसारख्याच थंड. त्या वर्षी राज्यातलं सुमारे नव्वद टक्के सफरचंद गेलं. फ्रान्समध्ये २०२१ ला तेच झालं, मार्चअखेर ऊन आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात गारठा, द्राक्षांचे कोवळे कोंब जळाले. त्यावर शास्त्रज्ञांनी अभ्यास केला. निष्कर्ष वरवर उलटा वाटतो: तापमानवाढीमुळे एप्रिलमधला गारठा स्वतः सौम्य झालाय, पण कोंब इतके आधी फुटू लागलेत की त्यांना गारठा गाठण्याची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी वाढलीये.

उत्तरवारा

हे मात्र पटण्यासारखं आहे. म्हणजे दोष उष्म्याचा, आणि बदनाम बर्फ.

ढगपुराण

एवढं सोपंही नाही, एकेका वर्षात नशिबाचा भाग मोठा असतो. टोकियोत २९ मार्च २०२० ला पूर्ण फुललेल्या साकुरावर बर्फ पडला, जेमतेम सेंटिमीटरभर. तिथे चेरी आता पूर्वीपेक्षा बरीच आधी फुलते हे खरं, पण त्या एका दिवसाचं सगळं खापर कशावर फोडू नये. कल बघायचा तर कित्येक वर्षांचा बघावा.

निवांत

चर्चा छान चाललीये, पण माझा एक व्यावहारिक प्रश्न राहून गेला. लायलॅकची (सुगंधी फुलांचं झुडूप) एक जाड फांदी खोडाजवळ फाटलीये, सालीवर लटकतेय. दोरीने बांधून जोडली तर जगेल का? आणि कापली तर वरून रंग लावायचा का?

कुंपण

फाट छोटी आणि ताजी असेल, फांदी जेमतेम सरकली असेल तर आवळून बांधून काहींच्या जगतात. सालीवर लटकणारी सहसा नाही, वाऱ्याने परत फाटते आणि पाणी आत मुरतं. कापाच. आधी खालून अर्धवट चिरा द्या, मग जरा पुढून वरून कापा, म्हणजे वजनाने साल खोडापर्यंत सोलत जाणार नाही. उरलेला खुंट शेवटी, फांदीच्या बुडाशी जो फुगीर कडा असतो त्याच्या लगत कापा. तो कडा कापू नका, जखम तिथूनच भरून येते. रंग, डांबर काही लावू नका, आत ओल कोंडते. काम कोरड्या दिवशी करा.

लायलॅक चिवट आहे, बुडातून नवे फुटवे देईल.

निवांत

धन्यवाद. उद्या करवत काढतो. वरची एक फांदी विजेच्या तारेला टेकलीये, ती आधी काढू का?

कुंपण

तिला हात लावू नका! तिच्याखाली उभेही राहू नका. ओलं लाकूड वीज वाहून नेतं. वीज कंपनीला फोन करा, ती त्यांनीच काढायची.